गुहेत जाताना, गुहेतून येताना

भूगोल शिकवण्यात माझी एकतीस वर्षं गेली. दर वर्षी चुनखडीच्या प्रदेशाचा धडा आला की मी फळ्यावर तीच एक गुहा काढायचो. वरून लोंबणारे अधोमुखी लवणस्तंभ, खालून वाढणारे ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ आणि मधोमध निळ्या खडूनं एक ओढा. मुलं ते चित्र वहीत उतरवून घ्यायची, परीक्षेत त्याला चार गुण मिळायचे. गंमत म्हणजे तशी गुहा मी स्वतः कधी पाहिली नव्हती. निवृत्तीनंतर ती पाहायला गेलो आणि पहिल्याच दिवशी फळ्यावर आयुष्यभर काढलेली एक गोष्ट माझ्याच हातून मोडली. हा लेख त्या दिवसाबद्दल आहे. त्याहीपेक्षा तो दिवस कसा असायला हवा होता याबद्दल आहे.

मराठी माणसाला 'गुहा' म्हटलं की आधी लेणी आठवतात. अजिंठा, वेरूळ, कार्ले, भाजे. ती सगळी माणसाच्या छिन्नीनं घडलेली. आपला सह्याद्री बेसाल्टचा, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याचा आहे. बेसाल्ट कोरता येतो, फुटतो, झिजतो, पण पावसाच्या पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे आपल्याकडे कपारी, घळी, ओव्हऱ्या आणि लहानमोठ्या नैसर्गिक गुहा आहेत, मात्र मैलोन्‌मैल पसरलेली भूमिगत दालनं जवळजवळ नाहीत. ती हवी असतील तर चुनखडीच्या मुलखात जावं लागतं. भारतात त्यासाठी मेघालयाइतकी दुसरी जागा नाही.

कारण साधं आहे. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सौम्य आम्ल बनतं. चुनखडीच्या भेगांतून ते झिरपतं, दगड विरघळवतं आणि भेगा रुंदावत नेतं. भेगेची वाट होते, वाटेचं दालन होतं. पुढे तेच पाणी मोकळ्या पोकळीत थेंबाथेंबानं उतरताना आपल्यातला कार्बन डायऑक्साइड सोडून देतं आणि सोबत आणलेला चुना छताला चिकटवून जातं. लवणस्तंभ असे वाढतात. त्यांची वाढ बहुधा वर्षाला एक मिलिमीटरच्याही आत असते. वर्षाला ११,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या सोहरा आणि मॉसिनरामच्या पठाराखाली हे काम किती काळ चालू असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

खासी भाषेत गुहेला 'क्रेम' म्हणतात. शिलाँगच्या मेघालय ॲडव्हेंचरर्स असोसिएशननं १९९२ पासून परदेशी गुहाशोधकांच्या साथीनं इथल्या क्रेम शोधायला आणि मोजायला सुरुवात केली. आजवर दीड हजाराहून अधिक गुहांची नोंद झाली आहे. जैंतिया टेकड्यांतली क्रेम लियात प्राह ही प्रणाली तीस किलोमीटरहून लांब आहे. मॉसिनरामजवळची क्रेम पुरी चुनखडीत नाही, वालुकाश्मात आहे. २०१८ साली तिची लांबी साडेचोवीस किलोमीटर भरली आणि वालुकाश्मातली जगातली सर्वांत लांब गुहा म्हणून तिचं नाव झालं.

पण लांबी ही गुहेची सगळ्यात कमी महत्त्वाची गोष्ट. सोहराजवळच्या मॉम्लूह गुहेतल्या एका ऊर्ध्वमुखी लवणस्तंभाच्या थरांमध्ये ४,२०० वर्षांपूर्वी मोसमी पाऊस मोठ्या प्रमाणावर मंदावल्याची खूण सापडली. त्या खुणेच्या आधारे २०१८ मध्ये भूशास्त्राच्या कालपटावर 'मेघालयी काळ' दाखल झाला. आपण आज जगतो आहोत तो काळ हाच. हातात मावेल एवढ्या दगडावरून पृथ्वीच्या एका कालखंडाला नाव मिळालं. गारो टेकड्यांतल्या सिजू गुहेतल्या जिवांची पद्धतशीर पाहणी स्टॅन्ली केंप आणि बी. चोप्रा यांनी १९२२ मध्येच केली होती. अलीकडे, २०२३ मध्ये, जैंतिया टेकड्यांखालच्या अंधारात राहणाऱ्या एका माशाला 'निओलिसोचिलस प्नार' हे शास्त्रीय नाव मिळालं. त्यातलं 'प्नार' हे तिथल्या प्नार लोकांवरून आलं. भूमिगत राहणारा याहून मोठा मासा जगात ठाऊक नाही.

म्हणजे अविकसित गुहा ही रिकामी जागा नसते. तिथे पायऱ्या नाहीत, दिवे नाहीत, तिकीटघर नाही, म्हणून ती 'कोणाची नाही' असं आपल्याला वाटतं. ही पहिली चूक.

ती चूक माझी होता होता राहिली, ती आमच्या वाटाड्यामुळे. खासी रीतीप्रमाणे आम्ही त्यांना 'बाह' म्हणायचो, म्हणजे दादा. मी गाडीतून उतरल्या उतरल्या हेल्मेट डोक्यावर चढवलं, तर ते म्हणाले, "आधी गावात." मेघालयात बहुतेक जमीन सरकारची नाही, कुळांची आणि गावांची आहे. गुहेचं तोंड ज्या रानात असतं त्या रानाला मालक असतो आणि गावाला 'दरबार श्नोंग' म्हणजे गावसभा असते. तिच्या प्रमुखाकडे, रांगबाह श्नोंगकडे, आम्ही गेलो. त्यांनी क्वाय पुढे केलं. क्वाय म्हणजे ओली सुपारी, विड्याचं पान आणि बोटभर चुना. आपल्याकडच्या पानसुपारीशी सख्खं नातं. ते चघळत त्यांनी चार प्रश्न विचारले. किती जण? का? किती वाजता येणार? नाही आलात तर कोणाला कळवायचं?

नंतर मला उमगलं की गुहेच्या सुरक्षिततेचं सारं शास्त्र याच चार प्रश्नांत होतं.

किती जण? निदान चार. एकाला दुखापत झाली तर एकानं त्याच्यापाशी थांबायचं आणि दोघांनी मिळून मदतीसाठी बाहेर जायचं. कोणीच एकटं पडायचं नाही. १९२५ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या केंटकीत फ्लॉइड कॉलिन्स हा मुरलेला गुहाशोधक एकटाच एका अरुंद वाटेत शिरला आणि एका दगडानं त्याचा पाय अडकला. लोक त्याच्यापर्यंत पोचले, त्याच्याशी बोलले, त्याला खायलाही दिलं, पण तो पाय काही सुटला नाही. दोन आठवड्यांनी तो तिथेच गेला. त्याच्याकडे अनुभव भरपूर होता, पण त्या घटकेला हाताशी दुसरा माणूस नव्हता.

का? याचं उत्तर प्रत्येकानं स्वतःशी द्यायचं असतं. फोटोसाठी, पराक्रमासाठी, की पाहण्यासाठी? ज्याला फक्त शेवटपर्यंत पोचायचं असतं, तो परत फिरायच्या वेळी फिरत नाही.

किती वाजता येणार? आम्ही सकाळी नऊला आत जाणार होतो. दुपारी साडेबाराला जिथे असू तिथून मागे फिरायचं, पाचच्या आत बाहेर यायचं, असं ठरलं. सातपर्यंत आमचा निरोप आला नाही तर गावातली माणसं आणि शिलाँगचे जाणकार यांना कळवायचं, हे कागदावर लिहून रांगबाहांच्या हाती दिलं. गुहेत मोबाइल चालत नाही. त्या कागदाखेरीज आम्हाला बाहेरच्या जगाशी बांधणारं काहीच नव्हतं.

उजेडाबाबत मला जुना धडा होता. कॉलेजात असताना आम्ही तिघं मित्र एका किल्ल्यावरच्या भुयारात दोन सेलची एकच बॅटरी घेऊन शिरलो होतो. ती विझली. भुयार जेमतेम पन्नास पावलांचं असेल, पण बाहेर यायला आम्हाला पाऊण तास लागला. रात्री डोळे सरावतात, कुठून तरी चांदण्याचा कवडसा येतो. गुहेतल्या अंधाराला डोळे सरावत नाहीत, कारण सरावायला तिथे काहीच नसतं. म्हणून नियम असा, की प्रत्येकाकडे स्वतंत्र तीन दिवे हवेत. एक हेल्मेटवर, दोन राखीव, आणि तिन्हींचे जादा सेल. मोबाइलचा दिवा यात धरायचा नाही. हेल्मेटला हनुवटीखाली पट्टा हवा, बूट न घसरणारे हवेत, हातात मोजे हवेत. अंगात सुती कपडे नकोत. ओला सुती कपडा अंगातली ऊब शोषून घेतो आणि गुहेतलं पाणी गारच असतं. आतलं तापमान बाहेरच्या वर्षभराच्या सरासरीइतकं, पण ओल्या अंगानं तासभर थांबलं की दातखीळ बसते. आधी हात बधिर होतात, मग डोकं. चुकीचे निर्णय तिथे सुरू होतात.

आम्ही गेलो ते फेब्रुवारीत. मेघालयात गुहा पाहायचा हंगाम हिवाळ्याचा, कोरडा. पावसाळ्यात या गुहा नद्या असतात. किंबहुना पावसाळ्यात त्या नद्या असतात म्हणूनच इतर वेळी गुहा असतात. आत माणूस असताना दूरच्या टेकडीवर पाऊस कोसळला तर आतल्याला ढगांचा गडगडाटही ऐकू येत नाही. येतं ते थेट पाणी. थायलंडच्या थाम लुआंग गुहेत २३ जून २०१८ रोजी बारा मुलं आणि त्यांचा फुटबॉल प्रशिक्षक शिरले आणि पावसाच्या पाण्यानं मागची वाट बंद केली. २ जुलैला ते सापडले, १० जुलैला शेवटचा बाहेर आला. या सुटकेत थायलंडचे माजी नौदल पाणबुडे समन कुनान यांचा जीव गेला. गुहेतलं पाणी उपसण्याच्या कामात आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सचे अभियंतेही होते, हे अनेकांना आठवत असेल. त्या मुलांचं वागणं बेफिकिरीचं होतं असं मी म्हणणार नाही. आपल्या गावाजवळची, माहितीतली गुहा होती ती. पाण्याला मात्र माहितीतलं आणि अनोळखी असा भेद कळत नाही. आत शिरताना भिंतींवर किती उंचीवर पालापाचोळा, काटक्या अडकल्या आहेत, ते पाहावं. पूर कुठवर चढतो ते तिथे लिहिलेलं असतं. बाहांनी आम्हाला पहिल्या वळणावरच ते दाखवलं. काटक्या आमच्या डोक्याच्या बऱ्याच वर होत्या.

आत शिरल्यावर पहिला अर्धा तास मी बोललोच नाही. माझा निळ्या खडूचा ओढा गुडघाभर पाण्याचा होता आणि त्याला आवाज होता. चालताना बाहांची एकच सूचना होती, 'तीन टेकू'. दोन हात आणि दोन पाय यांतले कोणतेही तीन कायम दगडाला टेकलेले हवेत, एका वेळी एकच हलवायचा. उडी मारायची नाही. बाहेर मुरगळलेला पाय म्हणजे दोन दिवसांची विश्रांती. आत मुरगळलेला पाय म्हणजे वीस-पंचवीस माणसांचं दिवसभराचं काम. प्रत्येक फाट्यावर ते थांबायचे आणि आम्हाला मागे वळून पाहायला लावायचे. येतानाची वाट जातानाच्या वाटेसारखी दिसत नाही. ती जातानाच उलटी पाहून ठेवावी लागते.

एका ठिकाणी छत खाली आलं होतं. तिथे काचेच्या नळ्यांसारखे शेकडो कोवळे लवणस्तंभ लोंबत होते. थेंबाच्या रुंदीचे, आतून पोकळ, टोकाला एकेक थेंब. जाणकार त्यांना सरबताच्या स्ट्रॉच्या नावानंच ओळखतात. मी भान हरपून वर पाहत सरळ झालो आणि हेल्मेट लागलं. फारसा आवाज झाला नाही. बांगडी फुटावी एवढाच. वीतभर लांबीचा तुकडा माझ्या खांद्यावरून पाण्यात पडला.

मी तो उचलला. बाहांनी तो माझ्या हातातून घेतला आणि तिथेच भिंतीलगत ठेवला. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "वर नाही, आधी पुढे बघा सर." मिलिमीटरच्या हिशेबानं पाहिलं तर तो वीतभर तुकडा शिवाजी महाराजांच्याही आधीपासून वाढत आला असावा. ती नळी मी एकतीस वर्षं मुलांना काढायला शिकवली होती. तिला किती जपावं लागतं, ते मात्र एकदाही सांगितलं नव्हतं.

त्यानंतर मी नियम नीट ऐकू लागलो. एकाच मळलेल्या वाटेनं चालायचं, म्हणजे बाकीची जमीन तशीच राहते. लवणस्तंभांना बोट लावायचं नाही. हाताचं तेल लागलं की त्या जागी चुना नीट धरत नाही. भिंतीवर नाव नाही, खडूची खूणही नाही. खाल्लेलं सांडायचं नाही, कारण अंधारातल्या जिवांचा संसार अगदी थोड्या अन्नावर चालतो आणि आपला चिवड्याचा घास तो बिघडवतो. लघवीसुद्धा बाटलीत घेऊन बाहेर न्यायची. आत काही पेटवायचं नाही. धाप लागली, डोकं जड झालं तर हवा बिघडली आहे असं समजून लगेच मागे फिरायचं.

आणि वटवाघळं. ती दिसली की दिवा मंद करायचा, आवाज बंद करायचा आणि शक्य तर वाटच सोडायची. पिलांच्या काळात किंवा थंडीतल्या झोपेत त्यांना उठवणं म्हणजे त्यांची शिलकी ताकद संपवणं. अमेरिकेत २००६ पासून एका बुरशीनं लक्षावधी वटवाघळं मारली. ती बुरशी माणसांच्या बुटांवरून, दोरांवरूनही गुहेतून गुहेत जाऊ शकते. म्हणून एका गुहेतला चिखल दुसरीत न्यायचा नाही. सामान धुवून, कडक वाळवूनच पुढे जायचं. धोका उलट्या दिशेनंही असतो. वटवाघळांच्या विष्ठेत वाढणारी बुरशी फुप्फुसांना बाधते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनं २०२० साली महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांचे नमुने तपासले, तेव्हा दोन जातींमध्ये निपाहविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. यावरून वटवाघळांना हाकलण्याची भाषा सुरू होते, ती चुकीची आहे. ती रात्रभर किडे खातात, फुलांचं परागण करतात. त्यांना हात लावू नये आणि त्यांच्या घरात गर्दी करू नये, एवढाच त्याचा अर्थ. बेळगाव जिल्ह्यात, भीमगडच्या रानातल्या बारापेडे गुहेतलं राउटनचं वटवाघूळ १९१३ मध्ये शास्त्राला कळलं आणि पुढे कितीतरी वर्षं ते जगात फक्त तिथेच आहे असं मानलं जाई. नंतर ते मेघालयातही सापडलं. मधल्या काळात बारापेडेवर सहलींची झुंबड उडाली असती, तर?

साडेबारा वाजले तेव्हा आम्ही एका उंच दालनाच्या तोंडाशी होतो. समोरून गार वारा येत होता, म्हणजे पुढे बरंच काही होतं. आमच्यातला एक तरुण म्हणाला, "पंधराच मिनिटं, बाह." माझंही मन तेच म्हणत होतं. बाहांनी घड्याळ दाखवलं आणि पाठ फिरवली. परतताना त्याच तरुणाच्या हेल्मेटवरचा दिवा गेला आणि माझा गुडघा बोलू लागला. तीन तासांत यायचं तिथे सव्वाचार तास लागले. पाच वाजायला दहा मिनिटं असताना बाहेर आलो. ती पंधरा मिनिटं घेतली असती तर बहुधा काहीच झालं नसतं, फक्त अंधार पडला असता. पण एकदा सूट घेतली की पुढच्या खेपेला ती अर्ध्या तासाची होते. ठरलेली वेळ पाळली याचा आनंद मला त्या दालनापेक्षा कमी झाला नाही, हे मी वय झालं म्हणून म्हणत नाही.

संध्याकाळी रांगबाहांकडे कागद परत घेतला. पुन्हा क्वाय आलं. मी मोडलेल्या नळीबद्दल सांगितलं. ते हसले आणि त्यांनी दरीपलीकडे बोट दाखवलं. तिथे टेकडीची अख्खी बाजू पांढरी उघडी पडली होती. चुनखडीची खाण. बाहांचा धाकटा भाऊ तिथेच ट्रक चालवतो. "तुमची वीतभर," ते म्हणाले, "तिकडे रोज शंभर गाड्या." गुहा वाचली पाहिजे असं मी म्हणालो, तेव्हा बाह शांतपणे म्हणाले, "वाचली पाहिजे. भावाची नोकरीपण." माझ्याकडे उत्तर नव्हतं. पानाला लावलेला चुना त्याच डोंगराचा, पुण्यात मी राहतो त्या इमारतीचं सिमेंटही कुठल्या तरी अशाच डोंगराचं. त्यामुळे सगळा दोष खाणीवर ढकलून मोकळं होणं मला जमलं नाही.

तरी एक गोष्ट पटली. ज्या गुहेचा नकाशा आहे, जिच्यातल्या जिवांची नोंद आहे, तिच्याबद्दल निदान वाद तरी घालता येतो. जी कोणाला ठाऊकच नाही, ती टेकडीसोबत निमूट निघून जाते. म्हणून मोजपट्टी, होकायंत्र आणि वही घेऊन, गावाला सोबत घेऊन जाणारी माणसं हवीत. पण नुसती जागा जाहीर करणं वेगळं. आपल्याकडे एखाद्या धबधब्याचं नाव फिरू लागलं की पुढच्या दोन पावसाळ्यांत तिथे काय होतं, ते मी सांगायला नको. नकाशा अभ्यासकांच्या आणि गावाच्या हाती असावा, वाट मात्र चारचौघांत सांगत सुटू नये.

म्हणून या लेखात त्या गुहेचं नाव नाही. ज्याला खरोखर जायचं आहे, त्यानं शिलाँगला जावं, जाणकारांना भेटावं, गावात जाऊन क्वाय खावं आणि त्या चार प्रश्नांची उत्तरं द्यावीत. तिथून पुढची वाट बाह दाखवतील, किंवा दाखवणार नाहीत. तो त्यांचा अधिकार आहे.

माझ्या नळीचा तुकडा अजून तिथेच भिंतीलगत असेल. तो जिथून मोडला, तिथे वर पुन्हा एक थेंब जमत असेल.